मला न आठवणारं घर

कशासाठी लिहितो

माझा आजार साध्या तापासारखा आला आणि डोक्यात शिरला. डॉक्टरांनी मला वाचवलं, पण ताप जाताना आयुष्यातली अलीकडची चारेक वर्षं सोबत घेऊन गेला. बाकीचं सगळं शाबूत आहे. चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत पहिल्यांदा खाली उतरलो त्या दिवशी कोणी डब्यात काय आणलं होतं ते मला आठवतं. पण माझ्याच रिटायरमेंटला माझ्या गळ्यात हार कोणी घातला, हे मला फोटोत बघावं लागतं.

नागपूरच्या वॉर्डात शेजारच्या खाटेवर एक मास्तर होते, त्यांनाही तसाच ताप. त्यांच्या मुलीने एकदा माझ्या बायकोला, सुमनला, विचारलं की घरी नेल्यावर माणूस पहिल्यासारखा होतो का. त्या मुलीसारख्यांसाठी हे लिहून ठेवतो आहे. औषधाचं डॉक्टर सांगतील, घरात काय काय होतं ते मी सांगतो. यातलं बरंचसं मला दुसऱ्यांनी सांगितलेलं आहे, आणि ते मी खाणीतल्या मेटच्या, म्हणजे टोळीप्रमुखाच्या, सवयीने दोघा-तिघांना विचारून तपासून घेतलं आहे.

बिडीचा चटका

भर पावसाळ्यात मी एकोडीला भावाकडे गेलो होतो. तिथे आमची धानाची शेती आहे, ती आता भाऊच बघतो. बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, गवत फार माजलं होतं, ते कापायला मी मदत केली. परत आल्यावर काही दिवसांनी ताप भरला. तापाची गोळी घेतली की उतरायचा आणि पुन्हा चढायचा.

आंघोळीच्या वेळी सुमनला माझ्या कमरेजवळ एक काळी खपली दिसली. ती म्हणाली, पडल्या पडल्या बिडी ओढता, पडली असेल ठिणगी. मलाही तेच वाटलं, कारण मी खरंच पडल्या पडल्या बिडी ओढतो आणि माझ्या दोन-तीन बनियनला तशी भोकंही आहेत. त्या खपलीवरून आमचं थोडं भांडण झालं आणि विषय तिथेच संपला.

तो चटका नव्हता. गवतातल्या बारीक किड्याचा चावा होता. ज्या डॉक्टरांनी पुढे ती खपली पाहिली त्यांना लगेच कळलं की हा स्क्रब टायफस आहे, पण तोवर मी बडबडायला लागलो होतो. म्हणून सांगतो, शेतात-गवतात जाऊन आल्यावर ताप आला आणि उतरत नसेल तर अंगभर बघा, काखेत, जांघेत, कमरेला. काळी खपली दिसली तर लाजू नका, डॉक्टरला दाखवा.

मग फिटचा झटका आला. आधी भंडाऱ्याला नेलं आणि तिथून नागपूरला.

टोकन

वॉर्डातले पहिले दिवस मी खाणीतच होतो. मशीनचा आवाज मला केजच्या, म्हणजे खाणीत उतरवणाऱ्या पाळण्याच्या, घंटीसारखा वाटायचा आणि मी नर्सला सारखं एकच विचारायचो, माझं टोकन बोर्डावर लागलं का.

खाणीत खाली उतरणाऱ्या प्रत्येकाच्या नावाचं एक टोकन असतं. पाळी संपून वर आलं की ते बोर्डावर परत लागतं. बोर्डावर एक जरी जागा रिकामी दिसली तर समजायचं की माणूस अजून खाली आहे, आणि मग सगळे थांबतात. मी मेट होतो. माझ्या टोळीची टोकनं लागल्याशिवाय मी कधी घरी गेलो नाही.

पहिल्या दिवशी ती नर्स गोंधळली. आमच्या प्रशांतने, म्हणजे माझ्या मुलाने, तिला समजावून सांगितलं. त्यानंतर मी विचारलं की ती म्हणायची, लागलं काका, तुम्ही वर आलात. मग मी शांत पडायचो म्हणे. आपली ड्यूटी संपताना ती पुढच्या नर्सला माझ्या औषधांसोबत हेही सांगून जायची. तिचं नाव मला माहीत नाही, चेहरा तर आठवतच नाही. पण माझ्यावर उपकार केलेल्या माणसांत मी तिला फार वर धरतो.

डॉक्टरांचे प्रश्न

ताप उतरल्यावर एक दिवस मोठे डॉक्टर आले आणि खुर्ची ओढून बसले. कुठे राहता, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, चिखला, कंपनीचं क्वार्टर, लाइनीतलं शेवटचं. रिटायर कधी झालात, तर मी म्हणालो, अजून अवकाश आहे. घरात कोण कोण, तर मी, बायको आणि माझी माय. मुलगा नागपूरला नोकरीत.

सगळी उत्तरं मी एका दमात दिली आणि मला वाटलं, पास झालो. सुमन तोंडाला पदर लावून बाहेर गेली.

प्रशांतला वाटलं, खरं ते सांगून टाकावं. त्याने मला सांगितलं की बाबा, तुम्ही रिटायर झालात, आता आपण आंधळगावला राहतो, आणि आजी जाऊन आता बराच काळ झाला. मायचं ऐकून मी इतका रडलो की मला पुन्हा झटका आला. डॉक्टर म्हणाले, सध्या धक्का बसेल असं काही नको.

दुसऱ्या दिवशी जागा झालो तेव्हा त्यातलं काहीच माझ्याजवळ नव्हतं. मी पुन्हा विचारलं, माय कुठे आहे. सुमनने प्रशांतकडे पाहिलं आणि म्हणाली, एकोडीला गेली आहे, तुमच्या भावाकडे. तेव्हापासून तेच ठरलं. हे सगळं मला फार नंतर कळलं.

सामान माझं, घर दुसऱ्याचं

दवाखान्यातून सुटी झाली तेव्हा गाडी मोहाडीवरून आंधळगावकडे वळली. मी म्हणालो, आता तुझ्या माहेरी कशाला? सुमन आंधळगावची आहे, तिचे भाऊ तिथेच राहतात. ती म्हणाली, आपलं घर आहे इथे, आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

बाहेरून निळं, छोटं, नीट बांधलेलं घर. आत गेलो तर समोर क्वार्टरमधलाच बाबासाहेबांचा फोटो. लोखंडी कपाट आमचं, त्याच्या दारावरचा पोचा आमचा, पाण्याचा पितळी गुंडही आमचा. सामान सगळं ओळखीचं आणि भिंती अनोळखी. मला वाटलं, कोणीतरी आमच्या नकळत आमचं सामान आणून इथे मांडलं आहे. मी काय केलं, तर भिंती ठोकून पाहिल्या. खाणीत नव्या जागी गेलो की आधी सळईने छत वाजवून बघायचं असतं, आवाज पोकळ आला तर तिथे थांबायचं नाही. इथे आवाज भरीव होता. सुमनचा भाऊ हसला आणि म्हणाला, घरजावईबुवा, पक्कं बांधलं आहे, पडत नाही. सगळे हसले. मला मात्र हसू आलं नाही.

अंगाला क्वार्टरची सवय होती. हात धुवायला उठलो की पाय डावीकडे वळायचे आणि भिंतीवर जाऊन आदळायचे. दिव्याचं बटन नसेल तिथे हात जायचा. घरात राहून मला घरी जायचं होतं, आणि हे मी दिवसातून कितीदा तरी बोलून दाखवायचो. एकदा आंघोळ करून आलो आणि सुमनला म्हणालो, तुमच्या घरी पाण्याला दाब चांगला आहे. तिने टॉवेल घेतला आणि वाळत घातला.

रोज मी विचारायचो, माय कधी येणार? ती सांगायची, येईल, रोवणं झालं, आता निंदण सुरू आहे, कापणी होऊ द्या. धानाच्या कामांना काय तोटा, एक संपलं की दुसरं सांगायचं.

प्रशांत दर आठवड्याला यायचा आणि त्याला हे बघवत नव्हतं. त्याने सुचवलं की दोघांनी नागपूरला यावं, डॉक्टर जवळ राहतील, आणि बाबांना जर हे घर आठवतच नाही तर ते भाड्याने देऊन टाकू. सुमन सुपात तांदूळ निवडत होती.

मी म्हणालो, "चालते मले. अठी माहं काय हाये?"

सुमनने सूप खाली ठेवलं. "तुमी जा," ती म्हणाली. "मी या घरातून हालत नाही."

आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मला एकट्याला जा असं ती कधी म्हणाली नव्हती. धान कापणीनंतर प्रशांतने गाडी घेऊन यायचं, तोवर बाबांचं मन इथे लागलं तर ठीक, नाहीतर बाबा नागपूरला आणि आई आंधळगावला, असं ठरलं. माझं मन लागेल असं मला मुळीच वाटत नव्हतं.

चिखला

एका दुपारी सुमन भावाकडे गेली होती. मी पिशवीत एक शर्ट टाकला आणि निघालो. तुमसरपर्यंत बस आणि पुढे जीप. कोणाला काही विचारावं लागलं नाही, पाय आपोआप चालत होते. कॉलनीतलं वळण, पाण्याची टाकी, आमची लाइन, शेवटचं क्वार्टर. फाटकाची कडी थोडी वर उचलून मग सरकवावी लागते, तशी सरकवली आणि मी आवाज न देता सरळ आत गेलो.

आत रेखा होती. ती आमच्या लाइनीतच राहायची, तिचा नवरा माझ्याच टोळीत होता. आमच्यानंतर हे क्वार्टर त्यांनी मागून घेतलं, कारण याला अंगण मोठं. ती दचकली, मग तिने मला ओळखलं. जय भीम घातला, खुर्ची दिली आणि चहा ठेवला. माझ्या आजाराचं तिला नवऱ्याकडून कळलं होतं.

मी बसलो. हात न बघता मागे गेला तर बटन बरोबर बोटाखाली आलं. सगळं जिथल्या तिथे होतं, तरी फोडणीचा वास वेगळा होता आणि दोरीवर दुसऱ्यांचे कपडे होते. मला लाज वाटली आणि भीतीही वाटली, कारण माझं घर म्हणून मी जे धरून बसलो होतो त्यात दुसऱ्याचा संसार सुरू होता.

काहीतरी बोलावं म्हणून मी म्हणालो, इथे या भिंतीला मायची खाट असायची.

"हो ना," रेखा म्हणाली. "आजीनं लई माया केली आमच्या लेकरायवर. तिच्या पुण्यानुमोदनाले आमी सारी लाइन आंधळगावले आलो होतो, भाऊजी."

पुण्यानुमोदन आमच्यात माणूस गेल्यावर करतात. मी विचारलं, कोणाच्या? रेखाने माझ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं की मला माहीत नव्हतं. ती बिचारी रडायलाच लागली. मी चहा पूर्ण प्यायलो. कपातला चहा टाकून उठायचं नाही, असं माय म्हणायची, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

रेखाने सुमनला फोन केला. तिचा नवरा पाळीवरून आला आणि त्याने मला मोटारसायकलवर आंधळगावला आणून सोडलं.

सुमनने सांगितलं ते

सुमन फाटकातच उभी होती. मी गाडीवरून उतरलो आणि तिच्यावर ओरडलो, "खोटं काहून बोलली तू माह्यासंग?"

ती म्हणाली, "एक डाव सांगतलं तं तुमाले झटका आला. दुसऱ्या डावानं हिंमत नाही झाली माही. तुमी रोज विचारत होते, आन् मी रोज त्यायले एकोडीले धाडत होती. मले का बरं वाटत होतं?"

माझा राग तिथेच बसला. रोज सकाळी मेलेल्या सासूला शेतावर पाठवायचं आणि मग स्वयंपाकाला लागायचं, हे त्या बाईने इतके दिवस एकटीने केलं होतं.

आम्ही आत येऊन बसलो आणि तिने सगळं सांगितलं. माझे वडीलही खाणीतच होते. ते गेले तेव्हा कंपनीचं क्वार्टर सोडावं लागलं होतं, आणि मायने आम्हा भावांना घेऊन रिकाम्या क्वार्टरच्या ओट्यावर एक दुपार काढली होती. ती दुपार मला आठवते, मी लहान होतो. पुढे मी खाणीत लागलो, पुन्हा क्वार्टर मिळालं, माय तिथे म्हातारी झाली. पण माझं रिटायरमेंट जवळ आलं तशी तिने सुमनच्या मागे लकडा लावला. कंपनीच्या घरातून मला नेऊ नका, आपल्या घरातून न्या, असं ती म्हणायची. एकोडीचं घर भावाचं, तिथेही तिला जायचं नव्हतं.

म्हणून सुमनने आंधळगावला भावांजवळ प्लॉट बघितला. मी पाळीवर जायचो आणि ती मिस्त्रीवर उभी राहायची. आतलं प्लास्टर बाकी असतानाच आम्ही इथे आलो, कारण मायला धीर नव्हता. पुढच्या खोलीत तिची खाट लावली. तिथे ती एक उन्हाळा आणि एक पावसाळा राहिली. थंडीच्या सुरुवातीला, सकाळी, ऊन आत आलेलं असताना तिथेच गेली. मी तिच्याजवळ होतो.

"तुमी जवळच होते," सुमनने पुन्हा सांगितलं. "पाणी तुमीच पाजलं."

मी खूप रडलो. सुमन माझ्या तोंडाकडे बघत बसली होती, झटका येतो का म्हणून. या वेळी आला नाही.

भरण

आमच्या खाणीत एका थराचं खनिज काढून झालं की खाली पोकळी राहते. ती तशीच ठेवत नाहीत. पाइपने वाळू आणि पाणी सोडून ती भरतात, पाणी निथळून जातं आणि वाळू घट्ट बसते. त्यावर उभं राहायचं आणि वरचा थर काढायचा. भरण झाल्याशिवाय पुढचं काम नाही. वाळू काही खनिज नव्हे, ती बाहेरून आणलेली असते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण पायाखाली काहीतरी लागतंच.

मी सुमनला म्हणालो, तू सांग, मी भरतो. मग रोज दुपारी जेवण झालं की ती सांगायची आणि मी ऐकायचो. मला सगळं क्रमाने हवं असायचं, पाया, मग चौकटी, मग स्लॅब. ती मधूनच भलतीकडे जायची, स्लॅबच्या दिवशी कोणाची बायको कोणाशी भांडली ते सांगायची. मी चिडायचो. ती म्हणायची, घर असंच बांधलं जातं, तुमच्या रिपोर्टासारखं नाही. दुसऱ्या दिवशी मी ते परत म्हणून दाखवायचो आणि ती चुका काढायची.

घरच्या लोकांना एक सांगतो. रुग्णाला ओळखलं का, आठवलं का, असं विचारू नका. पाहुणे यायचे ते हेच विचारायचे आणि मी नापास व्हायचो. त्यापेक्षा सरळ सांगा की हे असं असं झालं. आणि मेलेल्या माणसाबद्दल खोटं बोलणं फार दिवस ओढू नका. डॉक्टरला विचारून, त्यांच्यासमोर पुन्हा सांगा. ते सांगणं परक्याच्या तोंडून आलं की जास्त लागतं.

मला काही आठवलं नव्हतं. पण हळूहळू पाय डावीकडे वळायचे थांबले.

प्रशांत गाडी घेऊन आला

कापणी झाली. प्रशांत ठरल्याप्रमाणे गाडी घेऊन आला. सुमनने माझे कपडे घडी करून ठेवले होते. जेवण झाल्यावर प्रशांतने विचारलं, बाबा, काय ठरवलं?

मी म्हणालो, आधी तुला घर दाखवतो. तो म्हणाला, मी पाहिलं आहे की. मी म्हणालो, तू तेव्हा नागपूरला होतास, तुला काय माहीत. आणि मी त्याला उठवून खोल्या-खोल्यांतून फिरवलं. पाया खणताना पाणी लागलं ते सांगितलं, मिस्त्री मधेच लग्नाला पळाला ते सांगितलं, स्लॅबच्या दिवशीचं भांडणसुद्धा सांगितलं. सुमन आमच्या मागे मागे होती, एखादी चूक सापडते का म्हणून कान देऊन. पुढच्या खोलीत आलो तेव्हा मी मायच्या जागेवर उभा राहिलो.

"अठी मायची खाट," मी म्हणालो. "भिंतीले लागून. उघड्या इटाची भिंत, प्लास्टर नाही. माय कुशीवर वळे तं तिचं कोपर घासे आन् सोले. मंग मी भिंतीले खिळा ठोकला आन् आपलं जुनं कांबळं टांगलं."

प्रशांत बाकीच्यासारखंच हेही ऐकून मान हलवत होता. सुमन म्हणाली, "हे मी नाही सांगतलं तुमाले."

मी म्हणालो, सांगितलं असशील. ती म्हणाली, नाही. मायचं कोपर सोललं होतं ते तिला सांगवत नव्हतं, आपण प्लास्टरआधी आणलं म्हणून ते झालं असं तिच्या मनात होतं. ती गोष्ट तिने कोणालाच सांगितली नव्हती. प्रशांतला माहीत नव्हती, एकोडीच्या भावालाही नव्हती.

आम्ही तिघंही त्या भिंतीकडे बघत होतो. आता तिला प्लास्टर आहे, त्यावर निळा रंग आहे, खिळ्याची खूणही नाही. मी जवळ जाऊन हात फिरवला. ते मला दिसलं होतं की नुसतं तोंडातून आलं होतं, हे मी आजही खात्रीने सांगू शकत नाही.

सुमन पुढे आली, माझा हात धरला आणि थोडा वर, उजवीकडे नेऊन ठेवला.

"अठी होता," ती म्हणाली. "मिस्त्रीनं काढलाच नाही. तसाच प्लास्टरच्या आत हाये."

प्रशांत दुसऱ्या दिवशी एकटाच नागपूरला गेला.